कोणी पाठवलं?

नवापूर, चिंचपाडा, साक्रीचा पश्चिम भाग आणि वर धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे. नंदुरबार-धुळ्याच्या या पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत आजाऱ्यासाठी प्रार्थना चालू असताना कधी कधी आजारी माणूस घुमायला लागतो. मग पुढे उभा असलेला प्रार्थना करणारा भाऊ त्याला तीन प्रश्न विचारतो. तुझं नाव काय? कुठून आलास? कोणी पाठवलं?

पहिला प्रश्न शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहे. थडग्यांमधून राहणाऱ्या, साखळ्या तोडणाऱ्या माणसाला येशूने तो विचारला (मार्क ५:९), आणि लूकनेही तो प्रसंग दिला आहे. शुभवर्तमानांत नाव विचारल्याची ही एकच घटना. दुसरा प्रश्न ईयोबाच्या पहिल्या अध्यायात सापडतो, पण तिथे तो खुद्द परमेश्वर सैतानाला विचारतो. आजाऱ्याच्या खाटेजवळ तो कोणी विचारलेला नाही. तिसरा प्रश्न उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कुठेच नाही. जुन्या करारात दुष्ट आत्मा पाठवला जातो खरा, शौलाकडे येतो, अबीमलेख आणि शखेमचे लोक यांच्यामध्ये येतो, पण त्याच्यामागे दर वेळी देव असतो. बांधाच्या भांडणातल्या भाऊबंदाने किंवा शेजारच्या विधवेने कुणावर आत्मा सोडला, असं एकही उदाहरण नाही.

तिसरा प्रश्न भगताचा, म्हणजे पाड्यावर बाधा उतरवणाऱ्याचा, आहे. भगत दाणे टाकतो, सम-विषम मोजतो, बाधा घरची की बाहेरची ते ठरवतो. मग तिला काय हवंय ते विचारतो: लिंबू, कोंबडी, दारूची धार, तिवाठ्यावरचा उतारा. आणि शेवटी, सगळा पाडा कान टवकारून ऐकत असताना, ती कोणाची ते विचारतो. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवण्याची वाट याच प्रश्नावरून जाते. मंडळीत आलेल्या माणसाने भगत सोडला, उतारा सोडला, दारू सोडली. प्रश्न मात्र तोच राहिला. मला यात प्रार्थना करणाऱ्याचा दोष कमी दिसतो. त्याच्या हातातल्या मराठी पुस्तकात 'भूत' छापलेलं आहे, आणि भूत म्हटल्यावर ते कोणाचं, हे विचारायचंच असतं, हे त्याला पुस्तकाआधीपासून ठाऊक आहे.

मूळ ग्रीक शब्द दायमोनियॉन. जुन्या ग्रीकांना त्यात भीती नव्हती. सॉक्रेटिस आपल्याला चुकीच्या गोष्टीपासून अडवणाऱ्या आतल्या आवाजाला याच घराण्यातला शब्द वापरत असे. प्रेषितांची कृत्ये १७:१८ मध्ये अथेन्सचे लोक म्हणतात की हा पौल परक्या दायमोनियांची घोषणा करतोय. मराठीत तिथे 'दैवतं' येतं, आणि यायलाच हवं. म्हणजे एकच शब्द एका पानावर दैवत आणि दुसऱ्या पानावर भूत. अनुवादकांनी यात चूक केली असं नाही. संदर्भ बघून शब्द निवडायचा असतो आणि तो त्यांनी निवडला. पण मराठी वाचकाला हा जोड दिसत नाही. शिवाय मराठीत भूत हा शब्द काही एकट्या भुताटकीचा नाही. भूतदया आहे, पंचमहाभूतं आहेत, पसायदानातली 'भूतां परस्परें' आहेत. हे सगळे अर्थ बाजूला सारून आज पाड्यावर एकच उरला आहे.

त्या उरलेल्या भुताला पूर्वायुष्य असतं. लग्नाआधी गेलेला तो पिंपळावरचा मुंजा, बाळंतपणात गेलेली ती चुडेल. त्याला जागा असते, वेळ असते, राहिलेली इच्छा असते, नातेवाईक असतात. शुभवर्तमानातला दायमोनियॉन यातलं काहीच सांगत नाही. 'मी अमक्याचा बाप, मला पाणी दिलं नाही' असं तो एकदाही म्हणत नाही. त्या काळात तशी समजूत नव्हती असंही नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस स्पष्ट लिहितो की हे दुष्ट माणसांचे मेल्यानंतरचे आत्मे. मार्क, मत्तय, लूक यांनी ही समजूत उचलली नाही. मार्क आणि मत्तय यांच्याकडे भुताटकीच्या भासासाठी वेगळा शब्द होता, फांतास्मा. येशू पाण्यावरून चालत येतो तेव्हा शिष्य घाबरून हाच शब्द ओरडतात. मराठीत तेही भूत, आणि कफर्णहूमच्या सभास्थानातून ओरडत निघालं तेही भूत.

'अशुद्ध आत्मा' हा दुसरा पर्याय मराठी शास्त्रात भरपूर आहे. तो बरा आहे, पण त्यातही अडचण आहेच. आत्मा म्हणजे आपल्याकडे माणसाचा आत्मा, मेल्यावर भटकणारा. आणि अशुद्ध म्हटलं की बाईचा विटाळ डोळ्यासमोर येतो. मग पाळीच्या दिवसांत बाईला लवकर बाधा होते, तिने आजाऱ्यावर हात ठेवू नये, असले नियम कोणी न सांगता तयार होतात. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईने येशूच्या वस्त्राला हात लावला, हा मजकूर त्याच मार्कच्या पाचव्या अध्यायात, थडग्यांतल्या त्या माणसाच्या, म्हणजे डुकरांच्या, गोष्टीला लागून आहे. तो वाचल्यावर तरी हा नियम टिकायला नको.

डुकरांची गोष्ट भगताच्या पद्धतीच्या सगळ्यात जवळ जाते, हे मान्य केलं पाहिजे. तिथे नाव विचारलं जातं, 'सैन्य' असं उत्तर मिळतं, ते विनवणी करतात की आम्हाला या मुलखाबाहेर घालवू नको, डुकरांत जाऊ दे, आणि तसं होऊ दिलं जातं. त्यामुळे काही ठिकाणी 'बदली जीव लागतो' असा अर्थ काढला जातो. पण डुकरं कोणी वाहिली नव्हती. सुमारे २००० डुकरं समुद्रात बुडाली आणि लोकांनी येशूला हात जोडून सांगितलं की आमच्या भागातून जा. भगताला असा निरोप मिळाला असता तर त्याचा धंदाच बसला असता. इतर ठिकाणी तर एवढंही संभाषण नाही. मार्क १:२५ मध्ये दोन आज्ञा आहेत: गप्प राहा, नीघ. फिलिप्पै गावात दैवप्रश्न सांगून मालकांना पैसे मिळवून देणाऱ्या दासीच्या बाबतीत पौलही एकच वाक्य बोलतो. दोरी नाही, काठी नाही, मिरचीची धुरी नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर भूत काढल्याचा एकही प्रसंग नाही. तिथे 'तुला भूत लागलंय' ही लोकांनी येशूलाच दिलेली शिवी आहे.

धुरी मात्र एका पुस्तकात आहे. तोबीतच्या पुस्तकात माशाचं काळीज आणि यकृत निखाऱ्यावर टाकलं जातं आणि त्या वासाने अस्मोदय नावाचं भूत थेट वरच्या मिसर देशात पळतं. कॅथलिक बायबलमध्ये हे पुस्तक आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेलं स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन प्रॉटेस्टंट होतं, म्हणून इथल्या बहुतेक घरांतल्या प्रतीत तोबीत नाही. शब्दांबरोबर पुस्तकांची निवडही असं काम करते.

मागे गेलं तर जुन्या कराराच्या हिब्रूत भुतांसाठीचे शब्द फारच थोडे. 'शेदीम' फक्त दोनदा येतो, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (३२:१७) आणि स्तोत्र १०६:३७ मध्ये. 'सेईरीम' म्हणजे केसाळ बोकडासारखे रानातले प्राणी की दैवतं, यावर अजून वाद चालतो. 'एलिलीम' म्हणजे पोकळ, बिनकामाच्या मूर्ती. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात यहुद्यांनी हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आणायला घेतलं, तेव्हा या आणि आणखी काही शब्दांच्या जागी दायमोनियॉन बसला. स्तोत्र ९६:५ हिब्रूत म्हणतं की राष्ट्रांचे देव पोकळ आहेत. ग्रीकमध्ये ते दायमोनिया झाले, लॅटिनमध्येही तेच आलं, आणि शेजाऱ्याचे देव म्हणजे जिवंत, घातक भुतं हे मत पक्कं व्हायला एक वचन हाताशी मिळालं. पुढे ल्यूथरच्या जर्मनमध्ये आणि १६११ च्या किंग जेम्स इंग्रजीत सैतान आणि ही भुतं यांच्यासाठी एकच शब्द वापरला गेला. त्यामुळे एक सैतान आणि अनेक भुतं हा फरक वाचकाच्या मनातून पुसला गेला. इंग्रजीत तो नीट परत आला १९०१ च्या अमेरिकन आवृत्तीत. मराठीने मात्र हा घोळ केला नाही. सैतान वेगळा, भूत वेगळं, हे मराठी वाचकाला मिळालं, आणि ते श्रेय मराठी अनुवादाला द्यायला हवं.

स्तोत्र ९१ ची गंमत वेगळीच. सहाव्या ओवीत हिब्रू म्हणतं, भर दुपारी उजाड करणारा नाश. ग्रीक भाषांतरकाराने अक्षरं थोडी वेगळी वाचली आणि तिथे दुपारचं दायमोनियॉन आलं. लॅटिन स्तोत्रं ग्रीकवरून झाली, म्हणून तेही तिकडे गेलं. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटातल्या इवाग्रियस या साधूने दुपारी मठवाशांना घेरणाऱ्या कंटाळ्याला, खोलीतून उठून पळून जावंसं वाटण्याला, हेच नाव दिलं. मराठी अनुवाद हिब्रूला धरून आहे, म्हणून आपल्याला तिथे नाश करणारी साथ भेटते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशी गाठतो, गल्ल्या ओस पडतात, 'बारावर आलंय, पिंपळाखाली जाऊ नको' असं पोरांना सांगितलं जातं. दुपारच्या भुतावर सगळ्यात सहज विश्वास ठेवेल असा वाचक इथे आहे, आणि नेमक्या त्याच्या पुस्तकात ते नाही. मला हे बरंच वाटतं.

आता जेवणाचा प्रश्न, कारण घरं यावरून तुटतात. करिंथकरांस पहिलं पत्र, १०:२०: परराष्ट्रीय यज्ञ करतात ते देवाला नव्हे तर भुतांना. पौल इथे अनुवाद ३२:१७ चा ग्रीक शब्दच वापरतो. हे एक वचन उपदेशात आलं की वाघदेव भूत, याहामोगी देवी भूत, इंदलच्या पूजेचा बोकड भुताचा. गावात ते ऐकू जातं, आणि ज्या वाघदेवाला गुरांचा राखणदार म्हणून बापजाद्यांनी मानलं त्याला मुंजा-चुडेलीच्या रांगेत बसवल्याचा राग येतो. राग येणारच. गोव्यातही असंच झालं आहे. गावकऱ्यांचा देवचार म्हणजे वेशीवरचा राखणदार, आणि ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे सैतान.

पण पौलाने १०:२० वर पत्र संपवलेलं नाही. आठव्या अध्यायात तो आधीच म्हणून गेलाय की मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही. दोन्ही वाक्यं त्याचीच. आणि १०:२५ पासून तो अगदी रोजच्या व्यवहाराचं सांगतो. बाजारात जे मटण मिळतं ते खा, विचारपूस करू नका. कोणी घरी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढे वाढलं ते खा, तिथेही विचारपूस नको. मात्र वाढताना कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी, तुमच्या स्वतःच्या नव्हे. हे इथे लावून बघा. नवापूरच्या बाजारातलं मटण: प्रश्न नाही. बहिणीच्या घरचं लग्नाचं जेवण: प्रश्न नाही. इंदलच्या रात्री पूजेतला वाटा हातावर ठेवून 'देवाचा आहे' म्हटलं: नम्रपणे नको म्हणायचं, आणि तिथेच बसून गप्पा मारायच्या. बहुतेक भांडणं दुसऱ्या प्रकारात होतात, जिथे पौलाने भांडायला जागाच ठेवलेली नाही. बहिणीच्या दारातून न जेवता परतणारा भाऊ वचन पाळतोय असं समजतो. त्याने सहा-सात ओव्या पुढे वाचायला हव्या होत्या.

उपास-प्रार्थनेची गोष्ट त्याहून गंभीर, कारण तिथे जीव जातो. मार्क ९ मध्ये एक बाप मुलाला आणतो. मुलगा खाली पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, ताठ होतो. शिष्यांना जमत नाही. नंतर येशू त्यांना सांगतो की ही जात प्रार्थनेवाचून निघत नाही. 'आणि उपासावाचून' हे शब्द चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन जुन्या हस्तलिखितांत नाहीत. पुढच्या बहुतेक प्रतींत ते आले, तिथून किंग जेम्समध्ये आले. मत्तयातली तशीच ओवी, १७:२१, त्या दोन्ही जुन्या प्रतींत अख्खीच नाही. आपल्या हातातल्या मराठी प्रतीत हे शब्द सरळ आहेत, कंसात आहेत की तळटीपेत, ते उघडून पाहायला एक मिनिट लागतं.

आणि ते शब्द धरले तरी उपास शिष्यांचा आहे, मुलाचा नाही. प्रत्यक्षात उपाशी ठेवलं जातं आजाऱ्याला. तीन दिवस उपास, रात्रभर जागरण, 'विश्वासाने' गोळ्या बंद. फेफऱ्याच्या रुग्णाला झटका आणणारी ठरलेली कारणं कोणती, तर चुकलेली गोळी आणि न झालेली झोप. म्हणजे दुसऱ्या रात्री सभेत जो झटका येतो तो बऱ्याचदा सभेनेच आणलेला असतो. लोक मात्र म्हणतात, भूत बघा कसं चवताळलं. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा उपाशी राहिला तर साखर उतरून तो बडबडतो, घामाघूम होतो, ओळखत नाही, आणि तेही घुमणं समजलं जातं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्यात पाणी कमी पडलं की हाडं फोडणारी कळ येते, आणि कोरडा उपास केला की पाणीच कमी पडतं.

झटका आलाच तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, तोंडात चमचा-बोट घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर लगेच १०८ ला फोन. प्रार्थना गाडीतही होते.

मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्यांची यादी आहे. त्यात भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे, पक्षाघाती वेगळे. त्या शुभवर्तमानकाराला फरक कळत होता. तोच पुढे सतराव्या अध्यायात फेफरेकरी मुलाच्या गोष्टीत भूत निघाल्याचंही सांगतो, त्यामुळे प्रश्न एका झटक्यात सुटत नाही. पण प्रत्येक फेफरं म्हणजे भूत, हे त्याच्या यादीत बसत नाही. मार्कच्या गोष्टीत येशू मुलाच्या बापाला एक प्रश्न विचारतो: हे याला कधीपासून होतंय? बाप म्हणतो, लहानपणापासून. आरोग्य केंद्रातला डॉक्टर केसपेपरवर पहिल्यांदा हेच लिहून घेतो.

कायद्याचंही माहीत असावं. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्याच्या अनुसूचीत पहिल्याच क्रमांकावर आहे. अमकी व्यक्ती करणी करते, भूत लावते असं जाहीर करणं, तिला सैतान म्हणणं, हेही गुन्ह्यात येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. शब्दांनी केलेली प्रार्थना यात बसत नाही. 'कोणी पाठवलं' विचारून सभेत बाईचं नाव वदवून घेणं मात्र सरळ बसू शकतं, मग ते भगताने करो की पाळकाने.

सातपुड्याच्या बोलींत शास्त्राचं भाषांतर करणाऱ्यांपुढे हा पेच रोज असतो. कच्चा मसुदा तयार झाला की ज्यांनी तो मजकूर आधी ऐकलेला नाही अशा पाड्यावरच्या माणसांना वाचून दाखवतात. 'समजलं का' असं विचारायचं नसतं, कारण सगळे हो म्हणतात. विचारायचं, 'त्या माणसातून निघालं ते कोण होतं?' उत्तर 'कोणीतरी मेलेलं' आलं की शब्द बदलायचा. मग मसुदा उलट मराठीत किंवा हिंदीत आणून मूळ भाषा जाणणाऱ्याकडून तपासून घ्यायचा. पर्याय मोजकेच, आणि प्रत्येकात खोट. 'वाईट शक्ती' म्हणावं तर शक्ती म्हणजे देवी. 'सैतानाचे दूत' स्पष्ट आहे, पण मार्कने तसं म्हटलेलं नाही. 'माणसाला धरून बसणारं वाईट' हे अर्थाला सगळ्यात जवळ, पण मार्क १:३४ मध्ये एकाच ओवीत तो शब्द दोनदा येतो आणि वाक्य लोळत जातं. म्हणून बहुतेक जण शेवटी अशुद्ध आत्म्याशीच येऊन थांबतात आणि खाली टीप देतात. पाड्यावर मात्र शास्त्र वाचण्यापेक्षा मोबाइलवर ऐकलं जास्त जातं, आणि ध्वनिमुद्रणात तळटीप येत नाही. तिथे पहिल्या अध्यायाआधी निवेदकाने एक वाक्य बोलून टाकावं: पुढे ज्या आत्म्यांबद्दल ऐकाल ते मेलेल्या माणसांचे नाहीत, आणि कोणा माणसाच्या हुकमातले नाहीत. ध्वनिमुद्रणात याला दहा सेकंदही लागत नाहीत.